पहिला गुन्हा आणि तुरुंगाआधीची वाट

इंग्रजांनी १८१८ मध्ये खान्देश ताब्यात घेतला, पण डोंगरातले भिल्ल काही केल्या आटोक्यात येईनात. फौजा धाडून झाल्या, फाशी देऊन झाली. शेवटी मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या कारकिर्दीत धोरण बदललं. शरण येईल त्याला माफी, कसायला जमीन, वर तगाई, म्हणजे शेतीसाठी सरकारी कर्ज. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांची पलटण, उभी केली आणि कालपर्यंत ज्यांच्या मागे शिपाई लागले होते, त्यांच्याच भाऊबंदांना शिपायाची नोकरी दिली. यात दयेपेक्षा राज्य टिकवण्याचा हिशेब मोठा होता. तरीही शिक्षेऐवजी काम देऊन माणूस सरळ मार्गाला लागतो, हे आपल्या मुलखाने तेव्हाच पाहिलं.

त्याच सरकारने १८७१ मध्ये नेमकं उलट टोक गाठलं. गुन्हेगार जमाती कायदा सुरुवातीला उत्तरेकडे आला, १९११ नंतर देशभर लागू करता येऊ लागला. जन्मालाच गुन्हेगार ठरलेल्या माणसाला 'पहिला गुन्हा' कुठून असणार? कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पारध्याच्या पोराकडे बघण्याची नजर आजही तीच आहे, हे चीड आणणारं आहे.

पहिल्यांदा चुकलेल्याला बंधपत्रावर, म्हणजे नीट वागण्याच्या लेखी हमीवर, सोडण्याची सोय १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ५६२ मध्ये होती. मुंबई प्रांताने १९३८ मध्ये स्वतःचा परिवीक्षा (प्रोबेशन) कायदा केला, म्हणजे तुरुंगाऐवजी अटींवर सोडण्याचा. देशपातळीवरचा कायदा १९५८ चा, आणि तो खरंच उदार आहे. किरकोळ चोरी-फसवणुकीत, आधी शिक्षा झालेली नसेल तर, कलम ३ नुसार नुसती समज देऊन सोडता येतं. कलम ४ मध्ये चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र आहे. आरोपी एकवीसच्या आतला असेल, तर जन्मठेपेचे गुन्हे वगळता त्याला कैद देताना न्यायाधीशाला कारणं लिहावी लागतात. त्याआधी प्रोबेशन ऑफिसरचा अहवाल मागवावा लागतो. कलम १२ तर सगळ्यात मोलाचं: असं सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता चिकटत नाही.

आणि तालुक्याच्या कोर्टात काय होतं? रावेरकडच्या केळीच्या मळ्यातून पाण्याच्या मोटारीची वायर उचलणारा एकोणीस वर्षांचा पोरगा घ्या. खेटे नकोत, मजुरी बुडायला नको म्हणून तो 'गुन्हा कबूल' म्हणतो, दंड भरतो, मोकळा होतो. कलम ३ किंवा ४ मागायचं त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. पुढे एखाद्या कंपनीत वॉचमनची जागा निघते, चारित्र्य पडताळणीचा कागद येतो आणि ती कबुली आडवी येते. कबुली देण्याआधी 'कलम ३ किंवा ४ माग' एवढं एक वाक्य वकिलाने त्याला सांगितलं पाहिजे. वकील परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समिती फुकट देते.

अमेरिकेत 'डायव्हर्जन' म्हणतात त्यात खटला दोष ठरण्याआधीच थांबवतात. समुपदेशन, भरपाई, ठरलेलं काम पूर्ण केलं की आरोप मागे. आपल्याकडे प्रौढांसाठी ही वाट जवळपास नाहीच. बालकांसाठी २०१५ च्या बाल न्याय कायद्याने हे तत्त्व स्वीकारलं आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत सामुदायिक सेवा आली. ५,००० रुपयांच्या आतली चोरी, पहिलीच दोषसिद्धी आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर विनामोबदला समाजोपयोगी काम. पाऊल स्वागतार्हच आहे. पण या संहितेच्या कलम ४ मध्ये ती शिक्षांच्याच यादीत बसवली आहे. म्हणजे वायरवाल्या पोराने गावची शाळा झाडून काढली, तरी त्याआधी त्याच्या नावापुढे 'दोषी' हा शेरा पडलेला असणार.