पाण्यातल्या पॉलिमरायझेशनमध्ये धातूचा कॅटॅलिस्ट जागा कसा होतो

पॉलिमरायझेशन म्हणजे मोनोमरचे छोटे रेणू जोडून पॉलिमरची लांब साखळी करणं, आणि कॅटॅलिस्ट म्हणजे ते घडवून आणणारा उत्प्रेरक. बाटलीतून ओततो तो कॅटॅलिस्ट आणि रिअ‍ॅक्टरमध्ये खरं काम करतो तो, हे बऱ्याचदा दोन वेगळे पदार्थ असतात. ओतलेला क्षार कामाच्या रूपात बदलतो त्याला अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात, आणि ते होईस्तोवर जो वेळ नुसतं ढवळण्यात जातो तो इंडक्शन पिरियड.

आमच्या बडोद्यात १९६९ मध्ये आयपीसीएल ही सरकारी पेट्रोकेमिकल कंपनी आली, दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या मराठी घरांतूनही शिफ्टला जाणारे निघाले, त्यामुळे कॅटॅलिस्ट हा शब्द इथे नवा नाही, पण डोक्यात बसलेला नियम एकच, पाणी लांब ठेवा. पॉलिप्रोपिलीनच्या झिग्लर-नाट्टा कॅटॅलिस्टला ते लागूच आहे, त्यातल्या टायटॅनियमला ऑक्सिजनची ओढ इतकी की पाणी लागलं की खेळ खलास, आणि सोबतचं ट्रायइथाइल अ‍ॅल्युमिनियम तर नुसत्या हवेतच पेट घेतं.

रुथेनियम, रोडियम, इरिडियमची तऱ्हा वेगळी. त्यांना ऑक्सिजनपेक्षा कार्बनच्या डबल बॉन्डची ओढ जास्त, म्हणून पाण्यातही ते मोनोमर शोधतात. १९६१ मध्येच रोडियमच्या क्षाराने पाण्यातल्या इमल्शनमध्ये, म्हणजे पाण्यात पसरलेल्या बारीक थेंबांत, ब्युटाडाईन या मोनोमरचं पॉलिमर करून दाखवलं होतं. पण मजा आहे ती १९८८ मधल्या नोव्हॅक आणि ग्रब्ज या रसायनशास्त्रज्ञांच्या कामात. त्यांनी ऑक्सानॉर्बोर्नीन या रिंग असलेल्या मोनोमरची रिंग उघडून पॉलिमर केलं, कॅटॅलिस्ट म्हणून साधं रुथेनियम क्लोराइड. कोरड्या सॉल्व्हंटमध्ये सुरुवात व्हायला जवळपास एक दिवस जायचा, पाण्यात अर्ध्या तासात काम सुरू, आणि पॉलिमर काढून घेतल्यावर उरलेलं पाणी परत वापरलं तर काही सेकंदांत! म्हणजे कालच्या दह्याचं विरजण लावल्यासारखंच, फक्त विरजण वाढतं, धातू वाढत नाही, तो आधीच कामाच्या रूपात आलेला असतो एवढंच. होतं काय, तर पाणी क्लोराइडला बाजूला सारून धातूला मोनोमरसाठी जागा करून देतं, प्लस-तीनचं (म्हणजे तीन इलेक्ट्रॉन गमावलेलं) रुथेनियम प्लस-दोनवर येतं, त्याला मोनोमरचा डबल बॉन्ड धरतो, आणि पुढे साखळी वाढवणारं कार्बीन, म्हणजे धातूला डबल बॉन्डने जोडलेला कार्बन, तयार होतं. पुढच्या ग्रब्ज कॅटॅलिस्टमध्ये कार्बीन आधीच बसवलेलं असतं, तिथे अडसर असतो धातूला चिकटलेल्या फॉस्फीन या फॉस्फरसच्या रेणूचा, म्हणून थोडं अ‍ॅसिड टाकतात, ते फॉस्फीनला पकडून ठेवतं.

लोखंडाचं काम याहून सोपं. कोल्ड रबर नावाचं कृत्रिम रबर ५ अंशांवर बनतं, आधीचं हॉट रबर ५० अंशांवर बनायचं. एवढ्या थंडीत साखळी सुरू करणारं पेरॉक्साइड आपणहून फुटत नाही, प्लस-दोनचं लोखंड त्याला इलेक्ट्रॉन देऊन फोडतं आणि स्वतः प्लस-तीन होऊन बसतं, मग रॉन्गालाइट नावाचा क्षार इलेक्ट्रॉन देऊन त्याला परत प्लस-दोनवर आणतो, आणि धातूला धरून ठेवणारं ईडीटीए ते पाण्यात विरघळलेलं ठेवतं. रबरवाले या लोखंडालाच अ‍ॅक्टिव्हेटर म्हणतात, खरं तर जागं होतं ते पेरॉक्साइड.

तांब्याचं एटीआरपी, म्हणजे साखळ्या ताब्यात ठेवून सारख्या वाढवायची पद्धत, हा क्रम पाळायचा खेळ. प्लस-एकचं तांबं हवेने लगेच बिघडतं, म्हणून प्लस-दोनचं टाकायचं आणि व्हिटॅमिन सी, म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, घालून ते तिथल्या तिथे खाली आणायचं, पण सगळं एकदम नाही, नाहीतर रॅडिकल, म्हणजे साखळ्यांची वाढणारी टोकं, इतके होतात की साखळ्या एकमेकींना भिडून संपतात. आणि मी६ट्रेन नावाचं लिगंड, म्हणजे धातूला धरून बसणारा रेणू, घेतलं तर पाण्यात प्लस-एकचं तांबं स्वतःच फुटून धातूचं तांबं आणि प्लस-दोन असं दोन्ही देतं, तेव्हा आधी ते होऊ द्यायचं आणि मगच मोनोमर ओतायचा.