शेर, पायली आणि वाटी: तांदूळ मापायचा की जोखायचा?

मराठीत धान्य मापतात आणि गूळ जोखतात. तांदळाच्या हिशेबातल्या गोंधळाचं मूळ या दोन क्रियापदांत आहे. जोखायचं तर तराजू हवा, खरी वजनं हवीत. मापायला भांडं पुरतं. म्हणून खळ्यावर, बलुत्याच्या वाटपात आणि घरच्या कणगीपाशी पिढ्यानपिढ्या भांडंच चाललं. नवी सून उंबरठ्यावर ओलांडते तेही तांदळाचं मापच.

ही मापं दुपटीनं वाढत. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. सगळा हिशेब निम्मे-दुपटीचा, त्यामुळे पाटी-पुस्तकाशिवायही तो चोख बसे. त्यापुढे मात्र गाव बदललं की माप बदले: मण कुठे बारा पायल्यांचा, कुठे सोळा. वीस मणांची खंडी. गोव्यात वीस कुडवांची. रास मापताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. मग दोन, तीन. माप सपाट घ्यायचं की शिगेचं, हेही आधी ठरवावं लागे. काठावर उभा राहणारा धान्याचा ढीग म्हणजे शीग. आपला उत्साह शिगेला पोचतो तो इथूनच.

खरी अडचण केली ती ‘शेर’ या शब्दानं. तो मापालाही होता आणि वजनालाही. इंग्रजी अमलात १८३३ साली १८० ग्रेनचा (ग्रेन हे इंग्रजांचं बारीक वजन) तोळा ठरला. अशा ८० तोळ्यांचा वजनी शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, आणि ४० शेरांचा मण म्हणजे ३७.३२ किलो. मापाच्या शेराचा या आकड्यांशी मेळ बसेना, कारण एकाच भांड्यात प्रत्येक जिनसाचं वजन वेगळं भरतं. लिटरभर भांड्यात पाणी किलोभर मावतं, तांदूळ मात्र साधारण ८०० ते ८५० ग्रॅम. दाण्यांमधली जागा हवेनं भरलेली असते. साळीचं भात तर आणखी हलकं, कारण त्यावर तूस असतं. ‘शेरभर दे’ म्हटल्यावर कोणता शेर, हा प्रश्न रास्तच होता.

१९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानं आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आलेल्या दशमान पद्धतीनं दुकानापुरता तो सोडवला. तांदूळ किलोवर गेला. पण स्वयंपाकघर मापावरच राहिलं, आणि माझ्या मते ते योग्यच झालं. भाताला तांदळाच्या प्रमाणात पाणी घालायचं असतं. वाटी लहान असो की मोठी, एकाच वाटीनं दोन्ही मापली की प्रमाण चुकत नाही. तांदूळ जुना की नवा, त्याप्रमाणे पाणी थोडं कमी-जास्त होतं, एवढंच. चिपट्या-मापट्याची जागा वाटीनं घेतली, रीत तीच राहिली.

जपानमध्येही असंच घडलं. तिथलं तांदळाचं जुनं माप ‘गो’, म्हणजे सुमारे १८० मिलिलिटर. देश मेट्रिक झाला तरी विजेच्या राइस कुकरसोबत येणारा पेला त्याच मापाचा राहिला. त्यात सपाट भरून सुमारे १५० ग्रॅम तांदूळ मावतो. अमेरिकन कप मोठा, सुमारे २४० मिलिलिटरचा. त्यात १९० ते २०० ग्रॅम. किलोभर तांदळाला साधारण सव्वा लिटरचा डबा लागतो.

परदेशातल्या लेकीला आई फोनवर ‘पाव किलो तांदूळ घे’ म्हणते, तेव्हा कुकरच्या त्या पेल्यानं पावणेदोनला किंचित कमी घ्यायचे. तेही सपाट, शीग न लावता.