फ्लॅकमधून काढलेली वेव्ह आणि एमपीथ्रीमधून काढलेली वेव्ह

एकाच गाण्याच्या दोन वेव्ह (WAV, ध्वनी न दाबता साठवणाऱ्या) फाइली घ्या. एक फ्लॅक (FLAC) फाइलमधून काढलेली, दुसरी १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ हजार बिट) एमपीथ्रीमधून. दोन्ही मिनिटाला साधारण १० एमबी, दोन्हींच्या माहितीत ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, १,४११ केबीपीएस. नुसती माहिती वाचून कोणती कुठून आली हे कळणार नाही, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

‘कॉम्प्रेस’ या एकाच शब्दाखाली दोन अगदी निराळी कामं चालतात. ध्वनीचा पुढचा नमुना (क्षणोक्षणी घेतलेलं माप) मागच्या नमुन्यांवरून बराचसा ओळखता येतो. फ्लॅक तो अंदाज बांधतं आणि अंदाज जेवढा चुकला तेवढाच फरक लिहून ठेवतं. फरकाचे आकडे छोटे, म्हणून जागा कमी लागते. परत उलगडताना अंदाजात फरक मिळवला की मूळ आकडे जसेच्या तसे हाती येतात, एका बिटाचाही बदल नाही. पडताळणीसाठी मूळ ध्वनीचा एमडी५ ठसाही (आकड्यांवरून काढलेली छोटी ओळख) सहसा फाइलच्या सुरुवातीलाच असतो.

एमपीथ्रीचं गणित कानाच्या मर्यादांवर उभं आहे. मोठ्या आवाजाच्या जवळच्या कंप्रतेतला (फ्रिक्वेन्सीतला) बारीक आवाज आपल्याला ऐकू येत नाही. म्हणून एन्कोडर (एमपीथ्री बनवणारा प्रोग्राम) ध्वनीचे छोटे तुकडे करून प्रत्येकाची कंप्रतांमध्ये फोड करतो, आणि जे झाकलं जाणार ते ढोबळ आकड्यांत लिहितो किंवा सोडूनच देतो. १२८ केबीपीएसला साधारण १६-१७ किलोहर्ट्झच्या वरचं बहुधा सरळ कापलं जातं. १,४११ चे १२८, म्हणजे अकरावा हिस्सा उरला. त्याची वेव्ह केली की फाइल अकरा पटीने फुगते, पण गेलेला ध्वनी परत येत नाही. शिवाय एन्कोडर आणि ती फाइल परत उलगडणारा डिकोडर यांच्यामुळे सुरुवातीला हजारेक नमुन्यांची शांतता शिरू शकते. सलग वाजणाऱ्या दोन गाण्यांच्या सांध्यावर ती जाणवते.

नुसतं ऐकण्यासाठी एमपीथ्रीची वेव्ह करणं मला निरर्थक वाटतं, कारण गाणं वाजवताना प्लेअर तेच काम आपणहून करत असतो. एडिटिंगसाठी मात्र ती करावीच. दर वेळी एमपीथ्री म्हणून सेव्ह केलं तर दर वेळी नवी काटछाट होते. वेव्हवर काम करून शेवटी एकदाच एक्स्पोर्ट केलं तर ती एकदाच होते. अशा कामासाठी १६ बिटांऐवजी ३२ बिट फ्लोट निवडा. एमपीथ्रीला स्वतःची ठरलेली बिट डेप्थ (एका नमुन्याला किती बिट) नसते, आणि जोरकस मिक्स डिकोड करताना काही शिखरं कमाल पातळीच्या वर जातात. १६ बिटांत ती तिथेच छाटली जातात, फ्लोटमध्ये टिकतात आणि नंतर पातळी खाली आणता येते.

मला खरी काळजी वाटते ती संग्रहांची. एमपीथ्रीची वेव्ह केली, पुढे कुणी जागा वाचवायला तिचंच फ्लॅक केलं, की वंशावळ पुसली गेली. पुढच्या माणसाच्या हाती ‘लॉसलेस’ (काहीच न गमावलेली) म्हणवणारी फाइल येते आणि तो तीच अस्सल समजून जपतो. म्हणून अशी वेव्ह केलीत तर मूळ एमपीथ्री पुसू नका आणि नव्या फाइलच्या नावातच तिचा उगम लिहा.

संशय आला तर ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्राममध्ये स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या क्षणी कोणत्या कंप्रता आहेत ते दाखवणारं चित्र) उघडा. १६ किलोहर्ट्झच्या आसपास सपाट कापलेली कड दिसली तर फाइल बहुधा एमपीथ्रीतून आलेली. पण तेवढ्यावर निकाल देऊ नका: जुन्या ध्वनिमुद्रणांत वरच्या कंप्रता मुळातच नसतात, आणि ३२० केबीपीएसची कड २० किलोहर्ट्झच्या आसपास असल्याने चटकन लक्षात येत नाही.

मूळ वेव्ह हाताशी असेल तर पक्की चाचणी करता येते. मूळ वेव्ह आणि संशयित फाइल दोन ट्रॅकवर नमुन्याला नमुना जुळवून ठेवा, एकीला ‘इन्व्हर्ट’ करा (लहरीचे चढ खाली आणि उतार वर) आणि एकत्र वाजवा. संशयित फाइल फ्लॅकमधून आलेली असेल तर पूर्ण शांतता. एमपीथ्रीमधून आलेली असेल तर खाली एक खरखरीत, पाण्याखालून आल्यासारखा आवाज उरतो: मूळ ध्वनी आणि त्याची ही प्रत यांतला फरक.