चारशे एकोणतीस कोटींची चूक

एखादी संख्या मूळ आहे का, हे शाळेत लहान आकड्यांवर शिकवतात. ९१ला ७नं भागलं की १३ येतात, प्रकरण मिटलं. आता ४,२९,४९,६७,२९७ घ्या. २, ३, ५, ७, ११, १३... कशानंच भाग जात नाही. सगळ्या मूळ संख्या तपासायच्या तर ६५,५३६च्या खालच्या ६,५४२ भागाकारांची तयारी हवी.

पिएर द फर्मा हा फ्रान्समधल्या तुलूझचा न्यायाधीश. गणित हा त्याचा फावल्या वेळेचा उद्योग. २चा १, २, ४, ८, १६वा घात घेऊन त्यात १ मिळवला की ३, ५, १७, २५७, ६५,५३७ मिळतात. पाचही मूळ. मग ३२व्या घातावर येणारी आपली संख्याही मूळ आणि पुढच्याही सगळ्या मूळच, असं आपल्याला वाटतं, हे त्यानं १६४०च्या सुमारास पत्रांतून कळवलं. सिद्धता मात्र त्याच्याकडे नव्हती.

१७२९मध्ये गोल्डबाख या गणितज्ञानं पत्रातून लेओनार्ड ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाला याबद्दल विचारलं. १७३२मध्ये ऑयलरनं उत्तर मांडलं: या संख्येला ६४१नं भाग जातो. भागाकार ६७,००,४१७.

६४१ सापडायला सहा हजार भागाकार लागत नाहीत. ऑयलरनंच पुढे दाखवलं की या संख्येच्या प्रत्येक मूळ विभाजकाला ६४नं भागलं तर बाकी १ उरते. अशा मूळ संख्या म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या प्रयत्नात काम फत्ते! फर्मा इतक्या जवळ येऊन कसा चुकला, याचं मला अजून नवल वाटतं.

कागदावर पडताळा दोन ओळींत होतो. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६२५ + १६सुद्धा. पहिल्यावरून, ६४१नं भागताना ५ गुणिले २चा सातवा घात याची बाकी −१. त्याचा चौथा घात घेतला की ६२५ गुणिले २चा २८वा घात याची बाकी १. दुसऱ्यावरून ६२५च्या जागी −१६ चालतं. १६ म्हणजे २चा चौथा घात, म्हणून २च्या ३२व्या घातालाच उणे चिन्ह लावलं, तर त्याचीही बाकी १. म्हणजेच २च्या ३२व्या घातात १ मिळवला की बाकी शून्य.

फर्माचंच एक छोटं प्रमेय सांगतं: मूळ संख्येनं भाग न जाणारा कुठलाही पाया घ्या, त्या मूळ संख्येहून एकनं कमी इतका त्याचा घात करा, आणि मूळ संख्येनं भागा; बाकी १च उरते. गंमत म्हणजे, ही कसोटी २ हा पाया घेऊन लावली, तर आपली संख्या मूळ असल्यासारखीच वागते. ३ घेतला की सोंग उघडं पडतं.

हिच्यातून २ वजा केले तर ४,२९,४९,६७,२९५ उरतात, आणि तो फर्माच्या त्या पाच मूळ संख्यांचा नेमका गुणाकार आहे. म्हणूनच इतक्या बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी-कंपासनं तत्त्वतः काढता येतो; बाजू विषम असतील तर त्यांची संख्या अशाच वेगवेगळ्या मूळ संख्यांच्या गुणाकारातून यावी लागते. विषम बाजूंचा, काढता येणारा याहून मोठा बहुभुज आजवर माहीत नाही. त्यासाठी फर्माच्या साच्यातली सहावी मूळ संख्या लागेल, आणि ६५,५३७नंतर एकही हाती लागलेली नाही.