मकॉय स्टेडियम, पॉटकेट

अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातील पॉटकेट या जुन्या कापडगिरण्यांच्या शहरातील बेसबॉलचे मैदान. बॉस्टन रेड सॉक्स या अव्वल लीगमधील संघाचा दुय्यम संघ, म्हणजे लोकांचा ‘पॉसॉक्स’, इथे खेळे. १९७३ पासून तो मायनर लीगच्या, म्हणजे अव्वल लीगखालच्या स्पर्धांच्या, सर्वांत वरच्या ‘ट्रिपल-ए’ पातळीवर होता. इथून पुढची पायरी थेट बॉस्टन.

महापौर थॉमस मकॉय यांनी १९३०च्या दशकात पाणथळ जागेत भराव टाकून बांधकाम काढले. पैसा चिखलात जिरत गेला आणि विरोधकांना आयताच विषय मिळाला. खेळ सुरू झाला १९४२ साली.

येथे येणाऱ्याला सर्वांत गंमत वाटे ती सह्या मिळवण्याच्या पद्धतीची. खेळाडूंची बसायची जागा प्रेक्षकांच्या पहिल्या रांगांच्या बरोबर खाली असल्याने हात पोचत नसे. मग पोरे दुधाचा प्लास्टिकचा कॅन कापून त्यात चेंडू आणि पेन ठेवत व दोरीने खाली सोडत. खेळाडू सही करी, की कॅन वर ओढायचा. सामन्यापूर्वी कठड्यावर अशा दोऱ्या लोंबत असत.

मैदानाचे नाव जगभर झाले ते १८ एप्रिल १९८१ च्या रात्री. बेसबॉलमध्ये नऊ डावांनंतर बरोबरी असेल तर निकाल लागेपर्यंत खेळतात. रॉचेस्टर रेड विंग्जविरुद्धचा सामना लांबतच गेला. उशिरा नवा डाव सुरू न करण्याचा नियम लीगमध्ये होता, पण पंचांकडच्या नियमावलीत तो छापलेलाच नव्हता! थंडी अशी, की खेळाडूंनी मोडक्या बॅटी जाळून शेकोटी केली. एकविसाव्या डावात रॉचेस्टरने आघाडी घेतली, ती पॉटकेटच्या वेड बॉग्जने फेडली. पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी, बत्तिसाव्या डावानंतर २-२ वर खेळ थांबला, तेव्हा १९ प्रेक्षक उरले होते. २३ जूनला उरलेला खेळ १८ मिनिटांत आटोपला. डेव्ह कोझाच्या फटक्यावर मार्टी बॅरेटने विजयी धाव पूर्ण केली आणि पॉटकेट ३-२ ने जिंकले. व्यावसायिक बेसबॉलमधला हा सर्वांत लांब सामना. बॉग्ज आणि रॉचेस्टरचा कॅल रिपकन ज्युनियर दोघेही पुढे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेले.

नव्या स्टेडियमचा सौदा फिसकटल्यावर संघाने मॅसॅच्युसेट्समधील वूस्टरची वाट धरली. महामारीमुळे २०२० चा हंगाम झालाच नाही, त्यामुळे निरोपाचा सामनाही हुकला. २०२५ मध्ये स्टेडियम पाडायला घेतले. ती जागा शहराच्या नव्या हायस्कूलसाठी आहे.