थायरॉईड काढल्यावरचं ‘नॉर्मल’

थायरोग्लोब्युलिन हे प्रथिन थायरॉईडच्याच पेशी बनवतात. कॅन्सरसाठी अख्खी ग्रंथी काढली, उरलंसुरलं किरणोत्सारी आयोडिनने जाळलं, की ते रक्तात सापडायला नको. सापडलं तर कुठेतरी पेशी शिल्लक आहेत.

१९७०च्या दशकात किरणोत्सारी द्रव्य वापरून ते मोजता येऊ लागलं. पण जुन्या पद्धतींना मिलिलिटरमागे १ नॅनोग्रॅमच्या खालचं नीट दिसत नसे. म्हणून तपासणीआधी तीन-चार आठवडे थायरॉईड हार्मोनची रोजची गोळी बंद करून टीएसएच (थायरॉईडच्या पेशींना कामाला लावणारं हार्मोन) ३०च्या वर चढू द्यायचा, म्हणजे उरलेल्या पेशी जास्त थायरोग्लोब्युलिन सोडतात. त्या दिवसांत चेहरा सुजतो, भर उन्हाळ्यात थंडी वाजते, रेल्वेचा जिना चढवत नाही. १९९८मध्ये अमेरिकेत, गोळी न सोडता टीएसएच चढवणाऱ्या इंजेक्शनला मंजुरी मिळाली, तरी ते महाग. खरा दिलासा ०.१पर्यंत मोजणाऱ्या चाचण्यांनी दिला. आता बहुतेकांना गोळी सोडावी लागत नाही.

गोंधळ उरला आहे तो ‘नॉर्मल’ या शब्दाचा. रिपोर्टच्या उजव्या रकान्यात ‘३.५ ते ७७’ असं काहीतरी छापलेलं असतं. हे आकडे गळ्यात ग्रंथी असलेल्यांचे. ती काढलेल्या बाईचा आकडा १२ आला, तर तो ठळक छापला जात नाही, शेजारी खूणही नसते. घरचे मोबाइलवर रिपोर्ट उघडतात, ‘नॉर्मल आहे गं’ म्हणतात आणि पुढची तारीख लांबवतात. वास्तविक पूर्ण ऑपरेशन आणि आयोडिननंतर, गोळी चालू असताना ०.२च्या खाली आणि टीएसएच चढवून १च्या खाली आकडा असणं चांगलं. उलट अर्धीच ग्रंथी काढली असेल, तर आकडा येणारच; त्याने घाबरून जाऊ नये. ‘ऑपरेशन झालेल्यांना ही मर्यादा लागू नाही’ एवढी एक ओळ प्रत्येक लॅबने छापलीच पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

शून्याजवळचा आकडाही एकटा वाचू नये. या कॅन्सरच्या साधारण चारांतल्या एका रुग्णाच्या रक्तात थायरोग्लोब्युलिनविरोधी अँटिबॉडी असतात आणि नेहमीच्या मशिनवर त्या आकडा खोटा कमी दाखवतात. म्हणून दोन्ही चाचण्या एकाच वेळी, आणि शक्यतो दरवेळी त्याच लॅबमध्ये. अशा रुग्णांत अँटिबॉडीच खुणेचं काम करतात: वर्षागणिक उतरत गेल्या तर ठीक, चढू लागल्या तर गळ्याची सोनोग्राफी.

थायरॉईडच्या वेगळ्या पेशींतून होणाऱ्या ‘मेड्युलरी’ कॅन्सरला यातलं काहीच लागू नाही. तिथे रक्तातल्या कॅल्सिटोनिन आणि सीईए या दुसऱ्या खुणा बघतात.