ज्यार्मती, देझ्यो

(२३ ऑक्टोबर १९२७–१८ ऑगस्ट २०१३). हंगेरीचे वॉटर पोलोपटू (वॉटर पोलो : पाण्यात पोहत चेंडूने खेळला जाणारा सांघिक खेळ) व प्रशिक्षक. जन्म मिश्कोल्त्स येथे. १९४८ ते १९६४ या काळातील पाचही ऑलिंपिक स्पर्धांत त्यांनी पदक मिळवले : सुवर्ण १९५२, १९५६ व १९६४, रौप्य १९४८, कांस्य १९६०. १९५४ व १९६२ मध्ये ते यूरोपीय विजेत्या संघात होते.

त्यांच्या खेळाचे मोल त्या काळातील नियमबदलांखेरीज नीट उमगत नाही. जुन्या नियमांनुसार पंचाची शिट्टी वाजली की प्रत्येक खेळाडूने आहे त्या जागी थांबायचे असे. साहजिकच खेळ संथ राही आणि धिप्पाड, ताकदवान खेळाडूंना झुकते माप मिळे. १९४९ च्या सुमारास ही अट गेली. शिट्टीनंतरही पोहत राहून मोकळी जागा गाठता येऊ लागली. हंगेरीने १९३२ व १९३६ मध्ये सुवर्णपदके मिळवली होती, त्यामुळे तेथील परंपरा या बदलाआधीचीच आहे. तरीही वेगवान पोहण्यावर उभ्या राहिलेल्या नव्या शैलीचे श्रेय कोणाचे, याविषयी एकमत नाही. काही लेखक ते प्रशिक्षक बेलॉ रॉयकी यांना देतात, तर काही ज्यार्मतींसारख्या चपळ खेळाडूंना. १९४८ चा संघ आणि १९५२ चा संघ शेजारी ठेवून पाहिल्यास दुसरे मत अगदीच डावलता येत नाही. मात्र रॉयकींच्या शिस्तीशिवाय तो वेग सांघिक डावपेचात उतरला असता, असे मानणे कठीण आहे.

मेलबर्न ऑलिंपिकमधील ६ डिसेंबर १९५६ चा सोव्हिएट संघाविरुद्धचा सामना हा त्यांच्या चरित्रातील सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रसंग होय. सोव्हिएट वर्चस्वाविरुद्धचा बुडापेस्टचा उठाव २३ ऑक्टोबरला, म्हणजे ज्यार्मतींच्या २९ व्या वाढदिवशी, सुरू झाला आणि नोव्हेंबरमध्ये सोव्हिएट रणगाड्यांनी तो चिरडला. त्यानंतर महिन्याभरातच हे दोन संघ तलावात समोरासमोर आले. अनेक ठिकाणी या सामन्याचा उल्लेख ‘उपांत्य सामना’ असा होतो, तो काटेकोरपणे बरोबर नाही. ही सहा संघांच्या अंतिम गटातील साखळी लढत होती. हंगेरी ४–० ने पुढे असताना सोव्हिएट खेळाडू व्हालेंतिन प्रकोपॉव्ह यांच्या ठोशाने हंगेरीचे एर्व्हिन झादोर यांच्या डोळ्याजवळ जखम झाली, प्रेक्षक खवळले आणि सामना वेळेआधी थांबवून हंगेरीला विजयी घोषित करण्यात आले. तलावाचे पाणी लाल झाल्याचे वर्णन अतिशयोक्त दिसते. हाणामारी एकतर्फीही नव्हती. कर्णधार ज्यार्मतींचा एक ठोसा चित्रफितीत टिपला गेला आहे. पुढे यूगोस्लाव्हियाला २–१ ने हरवून हंगेरीने सुवर्णपदक जिंकले.

यानंतर ते पत्नी, ऑलिंपिक जलतरणविजेत्या एव्हॉ सेकेय, यांच्यासह काही काळ अमेरिकेत राहिले व मायदेशी परतले. कन्या आंद्रेआ यांनी १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये जलतरणात दोन पदके मिळवली. १९६४ मध्ये टोकिओत हंगेरी व यूगोस्लाव्हिया यांच्यातील सामना बरोबरीत सुटला आणि गोलफरकावर हंगेरीला सुवर्ण मिळाले. त्या वेळी ज्यार्मतींच्या ३७ व्या वाढदिवसाला काही दिवसच उरले होते.

१९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकनंतर राष्ट्रीय संघाची धुरा त्यांच्याकडे आली. बेलग्रेड येथे १९७३ मध्ये झालेली पहिली जागतिक स्पर्धा हंगेरीने जिंकली; १९७४ व १९७७ मध्ये यूरोपीय विजेतेपद आणि १९७६ मध्ये माँट्रिऑल येथे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळाले. या संघातील इश्तवान सिव्होश यांचे त्याच नावाचे वडील १९५२ व १९५६ मध्ये ज्यार्मतींचे सहखेळाडू होते. आपल्या पिढीने कमावलेले पुढच्या पिढीच्या हाती असे थेट सोपवता येणे ही प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांची पदकांहूनही मोठी कामगिरी आहे. १९७५ व १९७८ च्या जागतिक स्पर्धांत रौप्य, तर १९८० च्या ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळाले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते पुन्हा काही वर्षे प्रशिक्षक होते.

१९७६ मध्ये आंतरराष्ट्रीय जलतरण गौरवमंदिरात त्यांचा समावेश झाला. १९९० ते १९९४ या काळात ते हंगेरीच्या संसदेचे सदस्य होते. बुडापेस्ट येथे त्यांचे निधन झाले.